पिठातले देश

ही गोष्ट याहून चांगली आजवर कुणी सांगितलेली नाही. खरं म्हणजे आजवर ती कुणी सांगितलेलीच नाही, त्यामुळे पहिला नंबर आपोआप लागतो. तेव्हा थोरांनी मिशीला पीळ देणं थांबवावं, लहानांनी शेंबूड पुसून घ्यावा आणि दोघांनीही जरा पुढे सरकून बसावं.

फार जुन्या काळी, जेव्हा राजांची नावं फक्त राजांनाच आठवत आणि त्यावाचून बाकी कुणाचं अडत नसे, तेव्हा एका राज्याच्या अगदी काठावर, डोंगराच्या खिंडीत, एक गाव होतं. गाव इतकं उंचावर की ढगसुद्धा तिथे टेकून दम खात आणि मग खाली उतरत.

त्या गावात शाळा नव्हती. राजाने एकदा एक पंतोजी धाडले होते. ते निम्मा घाट चढले, एका दगडावर बसले, उपरण्याने घाम पुसला आणि तिथूनच गावाला आशीर्वाद देऊन माघारी फिरले. तेव्हापासून गावाने एक रीत पाडली. मुलांनी घरीच शिकायचं. ज्या घरच्या वडीलधाऱ्याला जे येतं, ते त्याने आपल्या ओसरीवर साऱ्या गावच्या मुलांना शिकवायचं. एका घरी पाढे, एका घरी अक्षरं, एका घरी झाडपाल्याची ओळख.

भूगोल आला बकुळीच्या आबांकडे.

तो त्यांच्याकडेच का आला, असं कुणी हुशार वाचक विचारील. तर आबा तरुणपणी खिंडीच्या तोंडाशी पहाऱ्याला असत. देशोदेशीचे प्रवासी तिथून जात. आबांनी ते सगळे पाहिले होते, मात्र पाठमोरे. कारण प्रवासी यायच्या वेळी आबांना नेमकी डुलकी लागलेली असे, आणि डोळे उघडेपर्यंत मंडळी पुढे गेलेली असत. आता नुसत्या पाठीवरून माणसाचा देश सांगायचा तर कल्पना लढवावी लागते. ती आबांपाशी पोत्याने होती.

शिकवायची त्यांची तऱ्हाही न्यारी. दिवेलागणीला ते ओसरीवर मांडी ठोकून बसत. पुढ्यात भली मोठी परात, परातीत नाचणीचं पीठ. पीठ हाताने सारखं करून ते त्यात बोटाने देश काढत. मधोमध आपलं राज्य, चांगलं ऐसपैस. बाकीचे देश कडेकडेने, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे, एकमेकांना गुडघे लागत बसलेले. मिठाची चिमूट म्हणजे बर्फाचे डोंगर. पाण्याचा थेंब म्हणजे समुद्र.

आणि मग आबांची जीभ सुटे. उत्तरेकडचे लोक म्हणे उशीवर पाय ठेवून झोपतात, कारण डोकं उघडं राहिलं तर रात्रीतून विचार गोठतात. पूर्वेकडे दोन शेजारी भांडले की दोघं घरांची अदलाबदल करतात. दक्षिणेच्या बेटांवर मासे पकडायला झाडावर चढावं लागतं. मुलांचे डोळे बशीएवढे होत. एखाद्याने शंका काढलीच, तर आबा गळ्याला हात लावून शपथ घेत आणि मिशीतल्या मिशीत हसत.

धडा संपला की सूनबाई परात उचलून आत नेई, ते पीठ मळे आणि भाकऱ्या थापे. त्या ओसरीवरची पोरं रोज एकदोन देश खाऊन झोपत.

ही सूनबाई म्हणजे बकुळीची आई. सरळ बाई, तोंडावर बोलणारी. तिने एकदा सासऱ्यांना विचारलं की मामंजी, पोरं हे सगळं खरं मानतात, पुढे काय करायचं. आबा म्हणाले, भूगोल कडू असतो, त्याला गुळाचं बोट लावावं लागतं. सूनबाई म्हणाली, मला तर नुसता गूळच दिसतोय, औषध कुठे आहे ते दाखवा. हे आबांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. त्या कलेत त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

गावासमोर एक दरी होती आणि दरीपलीकडे पैल मुलूख. सगळ्या जगात हा एकच देश असा, की जो परातीत काढायची गरज नव्हती. ओसरीवरून मान वर केली की दिसायचा. पण आबांनी तोही पिठातच शिकवला.

पैल मुलखाचे लोक लोकरीचे पायघोळ झगे घालत, आणि झग्याला पोटापाशी मोठा खिसा असतो, असं ऐकिवात होतं. झगे तेवढे खुद्द आबांनीही लांबून पाहिले होते. एका संध्याकाळी पोरं दरीच्या काठाकाठाने हुंदडून आली. त्यांना चाप बसावा म्हणून, आणि खरं सांगायचं तर जिभेवर आलं म्हणून, आबांनी आवाज खाली आणून सांगितलं, "तो खिसा कशासाठी असतो, ठाऊक आहे? पोरांसाठी. एकटं पोर दिसलं की उचलतात, खिशात घालतात आणि वरून बंद आवळतात. मग ते पोर परत कुणाला दिसत नाही."

त्या रात्री गावातली सगळी मुलं गुडघे पोटाशी घेऊन झोपली. आबा मात्र खुशीत होते. आपला एखादा धडा इतका मुरलेला त्यांनी आधी पाहिला नव्हता.

पण मुलांच्या डोक्यात भीती गेली की तिच्या पाठोपाठ चौकशीही आत शिरते. मुलांत वाद पडला, तो खिसा झग्याच्या आतून असतो की बाहेरून. बकुळीचा चुलत भाऊ म्हणाला बाहेरून. बकुळी म्हणाली, बाहेरून असता तर आतलं पोर हललेलं दिसलं असतं, तेव्हा आतूनच असणार. वाद आबांपुढे आला. आबांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी ठेवणीतलं उत्तर काढलं. म्हणाले, शहाण्याने स्वतः पाहून ठरवावं.

बकुळी आठ वर्षांची होती आणि शहाणी होती. तिने ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलाडच्या माथ्यावर गवत कापणारी माणसं दिसली, तशी बकुळी कुणाला न सांगता शेरडांच्या वाटेने दरीत उतरली. खाली अरुंद जागी एक जुना साकव होता, लाकडाच्या ओंडक्यांचा, वेलींनी बांधलेला. त्यावरून कित्येक वर्षांत कुणी गेलं नव्हतं. तिचा बेत साधा होता. पलीकडे जायचं, झुडपात दडायचं, खिसा आत की बाहेर ते बघायचं आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं.

साकवावरून ती अलगद गेली. पलीकडचा कडा निम्मा चढली. तेवढ्यात मागे काहीतरी कडाडलं. तिने वळून पाहिलं तर साकव नव्हताच. ओंडके खाली नदीत एकमेकांवर आपटत चालले होते. ती दचकून भराभर वर चढू लागली, आणि जिथे हात ठेवील तिथला मुरूम तिच्या हातात येऊ लागला. शेवटी ती एका पायरीएवढ्या जागेवर पोहोचली. वर कडा पुढे झुकलेला. खाली जी वाट होती, ती तिच्याच पायांनी ढासळून गेलेली. करवंदीच्या एका जाळीला धरून ती उभी राहिली.

साकव पडल्याचा आवाज गावात पोहोचला होता. सगळे दरीच्या काठाशी धावले. आबा सर्वांत शेवटी, काठी टेकत. सूनबाई सर्वांच्या पुढे. तिला समोरच्या कड्यावर एक लाल परकर दिसला आणि ती मटकन खाली बसली. ओरडली नाही. ओरडलं तर पोरगी वळून बघेल आणि तोल जाईल, एवढं भान तिला होतं.

दरी खोल होती, पण फार रुंद नव्हती. मोठ्याने बोललं की पलीकडे ऐकू जाई. पण हात पुढे केला तर तो पोहोचत नाही, म्हणूनच तिला दरी म्हणतात. वळसा घालून पैलाडला जायचं तर दिवस मावळला असता. गावातली दोन तरणी माणसं तशीच वळशाच्या वाटेने पळत सुटली, पण ती वेळेवर पोहोचणार नाहीत, हे ती पळतानाच सगळ्यांना कळत होतं. बकुळीच्या पायाखालून माती थोडी थोडी निसटत होती. प्रत्येक वेळी खडे खाली जात आणि त्यांचा आवाज वर यायला बराच वेळ लागे.

तेवढ्यात पैलाडच्या माथ्यावर माणसं दिसली. गवत कापणारी एक बाई आणि तिचे दोघे भाऊ. बाईने पालथं पडून खाली वाकून पाहिलं. बकुळी तिच्या बरोबर खाली होती, दोन माणसं एकावर एक उभी राहिली असती तरी पुरली नसती इतकी खोल. त्यांच्यापाशी दोर नव्हता. गवत बांधायचे बंद होते, ते आखूड आणि कच्चे. तिघांनी काहीतरी बोलून घेतलं. मग तिघांनीही आपापले झगे काढले, बाहीला बाही गाठ मारून बांधली, आणि बाईने तो झग्यांचा पट्टा कड्यावरून खाली सोडला.

सर्वांत खालचा झगा बाईचा होता. तो हेलकावे खात बकुळीच्या तोंडासमोर येऊन थांबला. त्याचा खिसा उघडा होता, पुरता आ वासलेला. आणि तो बाहेरून होता.

"पोरी," बाई वरून म्हणाली, "दोन्ही पाय खिशात घाल. वरचा बंद घट्ट धर. आम्ही ओढतो."

तिची बोली वेगळी होती, पण निम्मी कळण्याजोगी. बकुळीला सगळं कळलं. तिने झग्याकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं आणि जाळीला आणखी घट्ट मिठी मारली.

बाईने पुन्हा सांगितलं. बकुळीने मान हलवली. बाईने झगा तिच्या अंगाशी नेला, तशी बकुळीने तो पायाने ढकलला. त्या ढकलण्याने पायाखालच्या मातीचा एक लचका सुटला आणि घरंगळत गेला. अलीकडच्या काठावर कुणाच्या तरी तोंडून उसासा निघाला.

आता सगळ्या गावाने आबांकडे पाहिलं. तो खिसा गावातल्या प्रत्येक पोराला पाठ होता, आणि तो कुणाच्या ओसरीवर शिकवला गेला होता, हेही प्रत्येकाला पाठ होतं.

आबा काठापाशी गेले. त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि ओरडून सांगितलं की बकू, ती थट्टा होती, ती माणसं चांगली आहेत, खिशात पाय घाल.

बकुळी कड्याच्या भिंतीला गाल टेकूनच बोलली. तिचा आवाज बारीक होता, पण दरीने तो नीट पोहोचवला.

"आबा, थट्टा तेव्हा केली होती की आता करताय?"

गळ्याला हात लावून आबा म्हणाले की शपथ घेऊन सांगतो. आणि तेवढ्यात त्यांच्याच ध्यानात आलं, की उशीवर पाय ठेवून झोपणाऱ्या लोकांचीही शपथ त्यांनी हाच हात, याच गळ्याला लावून घेतली होती. हात त्यांचा तिथेच राहिला. तो खाली कसा घ्यावा, हे त्यांना कळेना.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं हसू कुठेच सापडलं नाही. मिशीतही नाही.

"मग खरं काय ते सांगा," बकुळी म्हणाली. "त्या देशाचं एक तरी खरं सांगा. मग जाते."

एक खरं. आबांनी डोक्यात हात घातला, जसा पिठाच्या डब्यात घालावा. डोकं काठोकाठ भरलेलं होतं. पैल मुलखाचा राजा बकऱ्यावर बसून न्याय देतो, हे होतं. तिथे रविवारी सावल्या पडत नाहीत, हे होतं. तिथल्या बायका कोंबड्यांना नवऱ्याच्या नावाने हाक मारतात, हेही होतं. प्रत्येक गोष्ट त्यांनी चाचपून पाहिली आणि प्रत्येक गोष्ट त्यांच्या बोटांत पिठासारखी भुगा झाली. जन्मभर जो देश नजरेसमोर होता, त्याचं एकही खरं त्यांच्यापाशी नव्हतं. तिथले लोक काय खातात, हेसुद्धा नाही. समोर जी बाई कड्यावर पालथी पडून त्यांच्या नातीसाठी झगा धरून होती, तिच्या झग्याला खिसा कशाला असतो, हेसुद्धा नाही.

पैलाडला बाईचे हात भरून आले होते. भावाने मागून तिचे पाय धरले होते. ती ओरडून विचारत होती की पोरगी का येत नाही, तुम्ही तिला काय सांगताय.

सूनबाई उठली. सासऱ्यांच्या कानाशी गेली आणि दातांवर दात ठेवून म्हणाली, "मामंजी, येत नसेल तर विचारा ना तिला. ती समोर आहे."

विचारायचं. आबांनी आजवर लोकांना पुष्कळ सांगितलं होतं. कुणाला काही विचारल्याचं त्यांना आठवेना. ते काठाच्या इतके पुढे गेले की सूनबाईने मागून त्यांचं धोतर पकडलं.

"बकू," ते म्हणाले, "मला त्या देशाचं काही माहीत नाही. काहीच नाही. त्यांना विचारतो आणि तुला सांगतो."

बकुळी म्हणाली, "विचारा."

आबांनी मान वर केली. गळा खाकरला. बाईला काय म्हणून हाक मारावी, हेही त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

"बाई, तुमचं नाव काय?"

पैलाडची बाई चिडली. पोर लटकतंय आणि म्हाताऱ्याला नाव हवंय, असं ती भावांना म्हणाली. मग आबांनी हात जोडले. सगळ्या गावादेखत. म्हणाले, पोरीला मी तुमच्याबद्दल खोटं शिकवलंय, खरं कळल्याशिवाय ती येणार नाही, तेवढं द्या.

"सावरी," बाई म्हणाली.

"सावरीबाई, त्या झग्याला खिसा कशाला?"

सावरीने भावाकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं, आणि श्वास पुरत नसल्यासारख्या आवाजात सांगितलं. त्यांच्याकडे मेंढ्या वरच्या कुरणात वितात. वर थंडी असते. ओलं कोकरू चालत खाली आणलं तर वाटेत गारठून मरतं. म्हणून ते खिशात घालायचं. अंगाची ऊब लागते.

आबांनी शब्दन् शब्द बकुळीला सांगितला. आपल्या पदरचं त्यात काही घातलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल, याची ज्याला थाप मारायची सवय आहे त्यानेच कल्पना करावी.

बकुळीने विचार केला. पायाखालून पुन्हा माती गेली. तिचा एक पाय आता हवेत होता.

"मग कोकराची आई?" तिने विचारलं.

आबांनी विचारलं. आई मागून चालते, सावरी म्हणाली. खिशाचा वास घेत घेत घरापर्यंत येते.

"कोकरू रडतं का?"

हा प्रश्न सावरीने स्वतःच ऐकला होता. तिने आबांची वाट पाहिली नाही. तिने मान आणखी खाली केली आणि बकुळीलाच सांगितलं, "आधी रडतं. मग डोकं बाहेर काढतं आणि बघत बसतं. तू पण बघशील." आणि थोडं थांबून तिने विचारलं, "आता माझं एक सांग. आमच्याकडे पोरांना सांगतात, की घाटावरचे लोक देश पिठात कालवून खातात. खरं आहे का गं?"

"ते खरंय," बकुळी म्हणाली. "भाकरी करून खातो."

वर सावरीच्या तोंडून काहीतरी निघालं. ते हसू होतं की कण्हणं, ते अलीकडे कळलं नाही. पण बकुळीने ते जवळून ऐकलं. तिने जाळीवरचा एक हात सोडला. मग दुसरा. झग्याचा बंद धरला आणि हवेतला पाय आधी खिशात घातला. दुसरा पाय तिने उचलला मात्र, तिची उभी राहायची जागा भिंतीपासून सुटली, आणि पायरीएवढी ती माती करवंदीच्या जाळीसकट खाली गेली. खाली पोहोचल्याचा आवाज येईपर्यंत गावातल्या कुणीही डोळे उघडले नाहीत.

सूनबाईने मात्र डोळे मिटले नव्हते. तिने पाहिलं, की झगा ताणला गेला. एका बाहीची गाठ हळूहळू सैल होऊ लागली. सावरीने एक हात सोडून ती गाठ दातात धरली. भावांनी मागे रेटा दिला. लाल परकर थोडा वर गेला, थांबला, पुन्हा थोडा वर गेला. खिशाच्या वर एक डोकं दिसत होतं आणि ते इकडे तिकडे बघत होतं. मग माथ्यावर दोन हात आले, आणि झगा, परकर, सावरी आणि तिचे भाऊ सगळे एकमेकांवर गवतात पडले.

आबा काठावर तसेच उभे होते. सूनबाईने त्यांचं धोतर सोडलं, तसे ते बसले. ती त्यांना काही बोलली नाही. बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

साकव पडलेला, म्हणून सावरी स्वतः वळशाच्या वाटेने बकुळीला घेऊन आली. गावातून पळत गेलेली दोघं तिला वाटेत भेटली, तीही मुकाट मागे चालत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी गावात शिरली, तेव्हा अख्खं गाव वाटेवर उभं होतं. सूनबाईने लेकीला जवळ घेतलं. मग सावरीच्या पायाशी वाकायला गेली, तर सावरीने तिला वरच्यावर धरलं. तिच्या तळहातांची सालं निघाली होती.

मग दोन्हीकडच्या माणसांनी मिळून नवा साकव बांधायला घेतला. बांधता बांधता कळलं, की जुना साकव कुणी वापरत का नव्हतं. पैलाडलाही एक म्हातारा होता. तोही दिवेलागणीला पोरांना जगाची माहिती सांगत असे. त्याने घाटावर पाऊल टाकलं नव्हतं आणि आबांनी पैलाडवर. दोघांनी मिळून, एकमेकांना न भेटता, एक चांगला साकव कुजवला होता.

साकव होईपर्यंत सावरी बकुळीच्याच घरी राहिली. आणि गावाने ठरवलं, की आता दिवेलागणीला परातीपुढे तिने बसायचं. आबांनी मुलांच्या रांगेत बसायचं, तेही मागे, कारण ते उंच होते. आबांनी तक्रार केली नाही. फक्त पहिल्या दिवशी सावरीने पीठ सारखं केलं आणि मधोमध पैल मुलूख काढला, चांगला ऐसपैस, आणि कडेला नखाएवढी आबांची खिंड काढली, तेव्हा ते दोनदा खाकरले.

मग त्यांना राहवेना. ते रांगेतून उठले, पुढे आले, कमरेवर हात ठेवून सगळ्या मुलांसमोर उभे राहिले. सावरीचं बोट पिठात तसंच थांबलं. आबा म्हणाले, "पोरांनो, या म्हाताऱ्याचं एक ऐकून ठेवा. जो देश आपण पाहिला नाही, तो मुलांना शिकवायच्या आधी त्या देशाच्या माणसाला विचारावं."

सावरीने मान डोलावली. सूनबाई दारात उभी होती, तिनेही डोलावली. बकुळी मात्र पुढच्या ओळीत होती.

"आबा," ती म्हणाली, "हेसुद्धा तुम्ही सांगतच आहात. विचारणार कधी?"